सरळ अँटेना

"आज संध्याकाळच्या बातम्यांच्या आत आपल्या टीव्हीवर माणसं दिसायला हवीत," टेलरबाई म्हणाल्या. "मुंग्या नकोत. माणसं."

मिस्त्री चहात पाव बुडवत होते. "मुंग्या काय आजच्या आहेत? आजच त्यांनी तुझं काय घोडं मारलं?"

"आज हवामानवाले माझा कोट घालणार आहेत."

मिस्त्रींच्या हातातला पाव कपात पडला आणि तळाला गेला. बातमी तेवढी मोठी होती.

मिस्त्री फरशी बसवायचे आणि टेलरबाई घराच्या पुढच्या खोलीत मशीन चालवायच्या. शहरातल्या टीव्ही केंद्रावर रोज संध्याकाळी नकाशापुढे उभं राहून ऊन-पाऊस सांगणारे गृहस्थ मध्यंतरी त्यांच्याकडे पँट आखूड करून घ्यायला आले होते. काम आवडलं म्हणून जाताना कोटाचं माप देऊन गेले. काल कोट न्यायला आले ते गाडीचं इंजिन चालू ठेवूनच.

"अहो, ट्रायल तरी द्या!" टेलरबाई पिशवी धरून फाटकापर्यंत धावल्या.

"आता ट्रायल उद्या थेट टीव्हीवरच! नीट बसला, तर केंद्रावरच्या सगळ्यांचे कोट तुमच्याकडे," असं म्हणत हवामानवाल्यांनी पिशवी घेतली आणि गाडी गेली.

ट्रायल न घेतलेला कोट म्हणजे चव न बघता पाहुण्यांच्या पानात वाढलेलं कालवण. कालपासून टेलरबाई मनातल्या मनात तो कोट उसवत आणि पुन्हा शिवत होत्या. खांदा बसला असेल का? मानेमागे पोक तर येणार नाही ना? आणि हे सगळं दिसणार कुठे, तर टीव्हीवर. आणि टीव्हीवर तर मुंग्या. बाकीच्या वाहिन्या बऱ्या दिसायच्या, पण हे केंद्र लावलं की टीव्हीच्या डोक्यावरच्या त्या दोन काड्यांना काही झेपायचं नाही. या घरात हवामानवाल्यांना पडद्यावर कुणी पाहिलंच नव्हतं. वारुळातून कुणीतरी रोज उद्याच्या पावसाची बातमी द्यायचं, एवढंच.

"ताईकडे जा की बघायला," मिस्त्री म्हणाले. "गल्लीच्या टोकाला तर घर. त्यांच्याकडे आरशासारखं दिसतं."

टेलरबाईंनी त्यांच्यापुढचा कप उचलून घेतला. मिस्त्रींना आपली चूक कळली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, टेलरबाईंच्या वन्सं. कालच त्या दुकानात येऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या, "उशांचे अभ्रे शिवणं निराळं, बाई, आणि टीव्हीवरच्या माणसाचा कोट शिवणं निराळं. आपला जीव ओळखून काम घ्यावं."

"त्यांच्या सोफ्यावर बसून मी माझा कोट बघू?" टेलरबाई म्हणाल्या. "आणि खांद्याला घडी दिसली तर? त्यांच्या शेजारी बसून? नको गं बाई. काय व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे."

"बरं. आणतो अँटेना," मिस्त्री उठले. "पण लावायची तर नीट लावायची, आधीच सांगतो. या अख्ख्या गल्लीत एकाची अँटेना सरळ नाही."

हे मात्र खरं होतं. गच्चीवर गेलं की दिसायचं. ओळीनं सगळ्या घरांवर अँटेना होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या तिरप्या. मिस्त्रींना ते दृश्य बघवायचं नाही. लोकांना साधी एक काठी सरळ उभी करता येत नाही, याचं त्यांना किती वर्षं वाईट वाटत होतं.

दुकानदारानं आधी एक कागदासारखी पातळ अँटेना पुढे केली. "ही खिडकीच्या काचेला चिकटवायची."

"अँटेना आहे की पोस्टाचं तिकीट?" मिस्त्रींनी ती परत सरकवली.

मग एक बसकी आली. ती बेडकासारखी दिसते म्हणून गेली. मग आली ती छतावरची मोठी, माशाच्या काट्यासारखी. मिस्त्रींचा चेहरा जरा उजळला. त्यांनी ती काउंटरवर आडवी ठेवली, एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"या काडीला बाक आहे."

"काका, ती सिग्नल धरायची वस्तू आहे. तिनं कुठे रेघा मारायच्यात?"

"दुसरी दाखवा."

दुसरीचा दांडा पिळलेला होता. तिसरीच्या काड्या एका पातळीत नव्हत्या. दुकानदारानं मागच्या खोलीतला सगळा माल बाहेर काढला, तेव्हा कुठे मिस्त्रींच्या डोळ्याला एक पटली. ती गुंडाळताना दुकानदार म्हणाला, "लावताना फक्त तिचं तोंड—"

"बसवायचं मला शिकवू नका," असं म्हणून मिस्त्री दुकानाबाहेर पडले.

गच्चीवर त्यांनी आपली सगळी हत्यारं मांडली. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन म्हणजे ओळंबा. त्यानं पाइप उभा सरळ आहे की नाही ते कळतं. हवेचा बुडबुडा असलेली पाणसळ. तिनं आडवं सरळ आहे की नाही ते कळतं. आणि काटकोन बघायला गुण्या. अँटेना कठड्याशी अगदी काटकोनात आली पाहिजे, अशी त्यांनी खूण मारली. दुसरा कुणी असता तर पाइप दोन पट्ट्यांनी कठड्याला आवळून मोकळा झाला असता. मिस्त्रींनी गच्चीच्या कोपऱ्यात छोटा चौथरा बांधला, पाइप त्यात रोवला आणि लवकर धरणारं सिमेंट ओतलं.

समोरच्या दुकानातून न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "मिस्त्री, अँटेना लावताय की पुलाचा खांब?"

"वादळ आलं तर घर उडेल. ही हलायची नाही."

काम झाल्यावर मिस्त्री खाली उतरले, रस्ता ओलांडून न्हाव्याच्या पायरीवर उभे राहिले आणि वर बघितलं. अँटेना अशी उभी होती की कागदावर रेघ मारावी. सगळ्या वाकड्यातिकड्या गर्दीत एकटी ताठ. मिस्त्रींचा ऊर भरून आला.

मग टीव्ही लावला.

"आधी मुंग्या होत्या," टेलरबाई म्हणाल्या. "आता मुंगळे."

"वायर हलली असेल. मी वर जातो. तू खिडकीत थांब. आई, तू टीव्हीपुढे बस आणि दिसायला लागलं की सांग."

मिस्त्रींच्या आई कधीच्याच टीव्हीपुढे बसलेल्या होत्या. केंद्रावर दुपारची मालिका चालू होती. चित्र नसलं तरी आवाज येत होता आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

मिस्त्रींनी वर वायर घट्ट केली. "आलं का?"

"आलं का हो, आई?" टेलरबाईंनी खिडकीतून मान आत वळवली.

"आला ना. पण ती त्याला घरात घ्यायला तयार नाही."

"चित्र, आई, चित्र!"

"चित्र कुठलं? पण पोरगी बरोबर आहे. इतकी वर्षं होता कुठे हा?"

"काय म्हणतेय आई?" वरून आवाज.

"घरात घेत नाहीत म्हणतात!"

"कुणाला? मला?"

असा थोडा वेळ गेला. मिस्त्रींनी वायर बदलली, पिन बदलली, पाइपावर हात फिरवून पाहिला. खाली मुंगळे जसेच्या तसे. शेवटी न्हाव्याला राहवलं नाही. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावलेलं, तेही मागोमाग पायरीवर आलं होतं.

"मिस्त्री, तोंड फिरवा तिचं! टॉवर टेकडीवर आहे. बघा ना, सगळ्यांच्या तिकडे तोंड करून आहेत."

मिस्त्रींनी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीतल्या सगळ्या तिरप्या अँटेना एकाच टेकडीकडे बघत होत्या. सगळे एकाच बाजूला निष्काळजी असतील, हे आजवर त्यांना कधी विचित्र वाटलं नव्हतं. आता वाटलं. पण तोंडानं कबूल करायचं म्हणजे कठीण.

"टॉवरनं कुठे उभं राहायचं ते त्याचं त्यानं बघावं," ते म्हणाले. "माझी अँटेना कठड्याशी काटकोनात आहे."

"ती काटकोनात आहे म्हणून तर दिसत नाही!" फेसवालं गिऱ्हाईक ओरडलं.

एवढ्यात वन्सं आल्या. हातात छत्री, काखेत बसायला स्वतःची उशी.

"म्हटलं आज तुमच्याकडेच बसावं. आमच्याकडे काय, रोजच स्पष्ट दिसतं." त्यांनी मुंगळ्यांकडे बघितलं. "हा तुझा कोट का?"

टेलरबाई जिना चढल्या.

गच्चीवर मिस्त्री चौथऱ्यापाशी बसले होते. ऊन कलायला लागलं होतं.

"अहो, फिरवा ना ती."

"फिरत नाही. सिमेंट धरलं."

"मग फोडा."

मिस्त्रींनी असं बघितलं की जणू बायकोनं कुणाचा जीव घ्यायला सांगितलाय. "माझं काम मी फोडू? आजवर माझी एक फरशी उचकटली नाही. आणि फोडून लावायचं काय, तर वाकडं? गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस वर बघेल आणि म्हणेल, ते बघा मिस्त्रींचं काम."

टेलरबाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. गळ्यातली मापाची टेप त्यांनी बोटाला गुंडाळली.

"तुम्हाला एक सांगते. कुणाला बोलू नका, गिऱ्हाइकाच्या अंगाची गोष्ट आहे. हवामानवाल्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला आहे. चांगला दिसण्याइतका."

"मग?"

"मग मी कोट दोन्हीकडे सारखा कापला असता तर माणूस वाकडा दिसला असता. म्हणून कोटच वाकडा कापलाय. डाव्या खांद्यात जास्तीचं पॅड, डाव्या बाहीचा मुंढा निराळा, कॉलरसुद्धा एका अंगाला चढती. टेबलावर पसरला तर तुम्ही म्हणाल, बाईला धड कात्री धरता येत नाही."

"मुद्दाम वाकडा?"

"मुद्दाम. पण कोट टेबलावर कोण बघतंय? तो अंगात घातल्यावर माणूस सरळ दिसायला हवा." त्या थांबल्या. "सरळ दिसतो की नाही, तेच मला बघायचंय हो. ते एवढं वाकडं कापण्याआधी मी खडूची रेघ तीनदा पुसली. आणि नसेल जमलं, तर वन्सं म्हणतात ते खरं. मी अभ्रे शिवीन. पण मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

मिस्त्रींनी एकदा अँटेनाकडे बघितलं. मग उठले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले.

आता मिस्त्रींचं सिमेंट फोडणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हतं. खुद्द मिस्त्रींनाही ते जमेना. हातोडा उसळून परत यायचा.

"बघ, बघ कसं धरलंय!" घाम पुसत ते अभिमानानं म्हणाले.

"कौतुक मग करा!"

खालून आईंचा आवाज आला. "बाळ्या! छताचे पोपडे पडतायत रे! त्या पोरीचं लग्न ठरतंय आणि मला काही ऐकू येत नाहीये!"

खाली वन्संनी खोलीतच छत्री उघडली आणि आईला तिच्याखाली घेतलं. दोघी मायलेकी टीव्हीपुढे छत्रीत बसल्या. छत्रीवर टपटप चुना पडत होता.

शेवटी चौथरा हरला, पण पूर्ण नाही. पाइप निघाला तो बुडाशी सिमेंटचा गोळा घेऊनच, मुळ्याला माती चिकटून यावी तसा. आता तो कठड्याला आवळताही येईना आणि जमिनीवर उभाही राहीना. बातम्यांची वेळ तर दारात येऊन ठेपलेली.

"मी धरतो," मिस्त्री म्हणाले. "तू खाली जा. आणि आईला सांग, गोष्ट सांगायची नाही. दिसलं तर 'आहे', नाही दिसलं तर 'नाही'."

मिस्त्रींनी गोळा दोन्ही पायांत धरला आणि अँटेनाचं तोंड टेकडीकडे वळवलं.

"नाही!" आई.

"नाही!" खिडकीतून टेलरबाई.

जरा आणखी वळवली.

"नाही!"

"मिस्त्री, थोडी झुकवा!" न्हावी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात वाकवून दाखवत होता. मिस्त्रींनी डोळे मिटले. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. पाइप तिरपा केला.

"आहे!" आई किंचाळल्या. "आहे, आहे! अगो बाई, या बातम्यावाल्याला तर टक्कल आहे! इतकी वर्षं मी याला चांगला दाट केसांचा समजत होते!"

"हलू नका!" टेलरबाई ओरडल्या.

"हलू नका!" न्हावी ओरडला.

"हलू नका!" अर्ध्या गालाची दाढी झालेलं गिऱ्हाईक ओरडलं, आणि दोघंही बातम्या बघायला मिस्त्रींच्या घरात घुसले.

मिस्त्री हलले नाहीत. एक पाय पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, गोळा गुडघ्यांत, मान काखेत गेल्यासारखी, कंबर एका बाजूला. सगळ्या गल्लीत त्या घडीला त्यांच्याइतकं वाकडं काहीच नव्हतं.

बातम्या संपल्या. नकाशा आला. टेलरबाईंनी टेप मुठीत आवळली. आणि नकाशापुढे हवामानवाले येऊन उभे राहिले.

टेलरबाईंनी आधी खांदे बघितले. मग कॉलर. मग पुन्हा खांदे. माणूस नव्या खांबासारखा सरळ उभा होता. डावा कुठला नि उजवा कुठला, त्या घडीला त्यांनाही ओळखता आला नसता. मग हवामानवाल्यांनी बोलता बोलता हात नकाशाच्या वरच्या कोपऱ्याला नेला. हात वर गेला आणि कोट जागच्या जागी राहिला. ना मानेमागे पोक, ना काखेत चुणी.

"रोज हा हात वर करतो तेव्हा कोट कानाला लागतो याच्या," वन्सं बोलून गेल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्या पुढे वाकून चूक शोधायला लागल्या. बटणं बघितली, खिसे बघितले. काही सापडेना. "आज सरळ उभा राहतोय मात्र. एरवी एका अंगाला कलल्यासारखा वाटतो. व्यायाम सुरू केलान वाटतं."

व्यायाम! यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्या शिवणाऱ्या बाईला मिळालं असेल? त्यांचे डोळे भरून आले आणि पडद्यावर जरा वेळ पुन्हा मुंग्या झाल्या.

मग त्यांना वरचा माणूस आठवला. हवामानवाल्यांचं समुद्रकिनाऱ्याचं सांगून झालं होतं. अजून डोंगराकडचं बाकी होतं. टेलरबाई धावत जिना चढल्या.

"झालं का?" मिस्त्रींनी मान न हलवता विचारलं. "बसला का?"

"तुम्ही बघा जाऊन. मी धरते."

"वेडी आहेस का? तुझा कोट, तूच बघ!"

"माझं बघून झालं. आता तुमच्या डोळ्यानं बघायचंय मला. जा लवकर, डोंगर संपतील!"

गोळा या गुडघ्यांतून त्या गुडघ्यांत गेला. खाली क्षणभर सगळे "गेलं, गेलं" म्हणून ओरडले, मग "आलं" म्हणून. टेलरबाई तिरप्या होऊन उभ्या राहिल्या. वारा सुटला होता. खालचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मिस्त्रींची पावलं जिन्यावरून गेली. मग आईंचा आवाज, "बाळ्या, टीव्हीला काय लावतोयस ते?" मग न्हाव्याचं हसणं.

मिस्त्रींनी खिशातली छोटी पाणसळ काढून पडद्याच्या काचेवर, हवामानवाल्यांच्या दोन्ही खांद्यांवर आडवी धरली होती. हवामानवाले डावीकडे सरकले तसे मिस्त्रीही सरकले. बुडबुडा मधोमध होता. हलत नव्हता.

खिडकीतून मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "पाणसळीत आहे गं! दोन्ही खांदे एका रेघेत! मीसुद्धा इतकं सरळ बसवलं नसतं!"

वर टेलरबाई इतक्या हसल्या की अँटेना हलली. खाली डोंगराकडचं हवामान मुंग्यांत गेलं, पण कुणी तक्रार केली नाही.

थोड्या वेळानं वन्सं जिना चढून वर आल्या, दर दोन पायऱ्यांना थांबत. टेलरबाई अजून तशाच पाइप धरून उभ्या होत्या, सोडायचं विसरून. वन्संनी छत्री कठड्याला टेकवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पुढे होऊन पाइपाला हात लावला.

"उद्याही हाच कोट घालेल ना तो?"

"आठवडाभर घालीन म्हणालेत."

"मग उद्या तू खाली बस. निवांत बघ. मी धरते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या घरी ह्यांचा कोट आहे लग्नातला. तो एकदा बघशील का? तेही एका अंगाला कलतात."

"बघीन की. व्यायाम नकोच त्यांना," टेलरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मिस्त्री घमेलं घेऊन वर आले. अंगात नवा उत्साह होता. "मी काय म्हणतो, अगं, आत्ताच सिमेंट कालवतो. तिरपी तर तिरपी, पण अशी पक्की बसवतो की पुन्हा कुणाला धरायला नको!"

टेलरबाईंनी वन्संकडे बघितलं. त्या पाइप कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा याचा सराव करत होत्या. मान काखेत, कंबर एका बाजूला.

"एवढी काय घाई आहे?" टेलरबाईंनी हळूच घमेल्यावर हात ठेवला. "आठवडाभर राहू द्या की तशीच."